जनुकांची पोथी आणि घरातली फाईल

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण बहुधा माणसांच्या स्वभावाबद्दल वापरतो. बैठकीत चौघांची चार मते पडली, की कुणीतरी हसत हसत ती म्हणतोच. पण त्यातला 'प्रकृती' हा शब्द आपल्या घरांत तब्येतीसाठीच अधिक येतो. आजारी माणसाला आपण 'प्रकृती कशी आहे?' असेच विचारतो. जुन्या बायकांना म्हणीचा हा दुसरा अर्थ पक्का ठाऊक होता. थोरल्याला दूध पचते, धाकट्याला पचत नाही. एका सुनेला वांगे खाल्ले की अंगावर गांधी उठतात, दुसरी रोज खाऊन ठणठणीत. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते, चुलीपाशी बसून पाहिले होते.

औषधांचेही तसेच आहे. एकाच आजारावर दिलेली तीच गोळी एकाला गुण देते, दुसऱ्याला तिचा काडीचा उपयोग होत नाही आणि एखाद्या तिसऱ्याच्या ती जिवावर बेतते. असे का व्हावे, याचे उत्तर शोधण्यात गेल्या पंचवीस वर्षांत विज्ञानाने मोठी मजल मारली आहे. या शाखेला 'प्रिसिजन मेडिसिन' म्हणतात. आपण मराठीत 'नेमका उपचार' म्हणू. रोगाचे नाव पाहून सगळ्यांना एकच औषध देण्याऐवजी, रोग झालेल्या त्या माणसाला जुळेल असे औषध, जुळेल तेवढ्या मात्रेत देणे, हा तिचा उद्देश.

खरे तर विज्ञानाच्या प्राध्यापकांनी लिहावा असा हा विषय. मी भाषा शिकवते. पण वाचू लागले तेव्हा हा विषय मला आमच्याच वर्गातला वाटला. कसा, ते सांगते.

पोथी आणि पाठभेद

एम. ए.च्या मुलांना आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवून घेत. उतरवताना कुठे अक्षर गळे, कुठे ओळ निसटे, कुठे एका शब्दाच्या जागी दुसराच शब्द येऊन बसे. असे होत होत एकाच ग्रंथाच्या प्रतींमध्ये फरक पडत. त्यांना पाठभेद म्हणायचे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठभेद फार झाले, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे वाचकांना माहीत असेलच.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच एक पोथी आहे. ती चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असून सुमारे तीनशे कोटी अक्षरांची आहे. तिची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. कोणत्याही दोन माणसांच्या पोथ्या ९९.९ टक्के सारख्याच असतात. पण पोथीच एवढी मोठी, की उरलेल्या फरकातही लाखो पाठभेद मावतात. बहुतेक पाठभेद निरुपद्रवी असतात. काही मात्र असे असतात, की त्यांच्यामुळे यकृतातले एखादे विकर मंद पडते किंवा एखादे औषध शरीराला शत्रू वाटू लागते. मग त्या माणसाची 'प्रकृती' निराळी ठरते.

ही पोथी पहिल्यांदा वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. काही कोपरे तेव्हाही वाचायचे राहिले होते, ते २०२२ मध्ये वाचून झाले. त्या पहिल्या प्रकल्पाचा खर्च सुमारे तीनशे कोटी डॉलर धरला जातो, म्हणजे अक्षरामागे एक डॉलर! आज एका माणसाची संपूर्ण पोथी काही दिवसांत आणि हजार डॉलरच्या आत वाचून होते.

पोथी वाचली, की कोणाला कोणता रोग होणार आणि कोणाला कोणते औषध लागू पडणार हे आपोआप कळेल, असे तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होते. तसे झाले नाही. अक्षरे वाचता येणे वेगळे आणि अर्थ लागणे वेगळे. एखादा पाठभेद समोर आला, तरी तो महत्त्वाचा आहे की निव्वळ लेखनिकाची डुलकी, हे पोथीच्या त्या पानावरून कळत नाही. त्यासाठी तो पाठभेद असलेल्या माणसांच्या आयुष्यात काय घडले हे पाहावे लागते. त्यांना कोणता आजार झाला, कितव्या वर्षी झाला, कोणते औषध दिले, गुण आला की त्रास झाला? हे सगळे कुठे लिहिलेले असते? केसपेपरवर, डिस्चार्ज कार्डावर, तपासणीच्या रिपोर्टवर. पोथी आणि केसपेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले, तरच नेमका उपचार हाती लागतो. पोथी वाचण्याची यंत्रे आता आपल्याही देशात आहेत. आपल्याकडे कमी पडतो तो केसपेपर, आणि मला वाटते, त्याबाबत घरोघरी काहीतरी करता येण्यासारखे आहे.

हैदराबादचे उदाहरण

नुसती पोथी वाचून काय होते, याचे एक आपल्याच देशातले उदाहरण पाहू. हृदयाच्या स्नायूंना लागणारे एक प्रथिन बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्यातली २५ अक्षरे काही भारतीयांमध्ये गळलेली असतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी देशातल्या आणि परदेशातल्या सहकाऱ्यांसह २००९ मध्ये हे प्रसिद्ध केले. शंभरातल्या सुमारे चार भारतीयांमध्ये हा बदल आढळतो आणि त्यांना हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा धोका जास्त असतो, असे त्यात म्हटले होते. शंभरात चार म्हणजे देशात कोट्यवधी माणसे झाली. बातमी वाचून कुणालाही धास्ती वाटावी.

पण पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की हा बदल असलेली पुष्कळ माणसे आयुष्यभर हृदयाची तक्रार न करता जगतात. त्याच जनुकात आणखी एखादा बदल सोबत असला, तर धोका वाढतो असेही पुढे आढळले. ज्याला हा पाठभेद आहे त्याला 'तुम्हाला हृदयरोग होणार' असे सांगून टाकणे चुकीचे, आणि 'काही नाही, घरी जा' म्हणणेही चुकीचे. त्याच्या आईवडिलांची तब्येत, त्याचा रक्तदाब, त्याची सोनोग्राफी हे सगळे मांडल्याशिवाय त्या २५ अक्षरांचा अर्थ त्याच्यापुरता लागत नाही.

तैवानच्या डॉक्टरांनी काय केले

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, की काय साधते ते तैवानमध्ये दिसले. फिट येणाऱ्यांना आणि चेहऱ्याच्या शिरेत असह्य कळा येणाऱ्यांना कार्बामाझेपिन नावाची गोळी देतात. गोळी जुनी, स्वस्त आणि चांगली. आपल्याकडेही ती सर्रास मिळते. पण हजारो रुग्णांत एखाद्याला तिच्यामुळे भयंकर त्रास होतो. आधी ताप येतो, तोंड येते, डोळे लाल होतात. मग अंगभर फोड उठतात आणि भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. काही रुग्ण यात दगावतात, काहींची दृष्टी जाते. गोळी सुरू केल्यावर बहुधा पहिल्या दोन महिन्यांत हे घडते. कोणाला होणार, हे आधी कळायला काही मार्ग नव्हता.

तैवानच्या संशोधकांनी असा त्रास झालेले रुग्ण बारकाईने नोंदवले: कोणती गोळी, कधी सुरू केली, कितव्या दिवशी पुरळ उठले, सोबत दुसरे औषध चालू होते का. मग त्यांची पोथी तपासली. प्रतिकारशक्तीशी संबंधित एका जनुकाचा 'एचएलए-बी १५०२' हा पाठभेद त्यांना सापडला. २००४ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. कार्बामाझेपिनने हा त्रास झालेल्या ४४ रुग्णांपैकी ४४ जणांत तो पाठभेद होता. तीच गोळी घेऊन काही न झालेल्या १०१ जणांपैकी फक्त तिघांत होता.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे २३ रुग्णालयांत मिळून ही गोळी द्यायची वेळ आलेल्या ४,८७७ जणांची आधी चाचणी केली. सुमारे आठ टक्क्यांत तो पाठभेद निघाला. त्यांना ती गोळी न देता दुसरे औषध दिले, बाकीच्यांना तीच दिली. पूर्वीच्या हिशोबाने एवढ्या माणसांत दहा जणांना तरी तो भयंकर त्रास व्हायला हवा होता. एकालाही झाला नाही. २०११ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आज तिथला राष्ट्रीय आरोग्य विमाच या चाचणीचा खर्च उचलतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच आशियाई वंशाच्या रुग्णांना ही गोळी सुरू करण्याआधी चाचणी करण्याची सूचना दिली होती.

आपल्याकडे? २००९ मध्ये भारतातला एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या गोळीने असा त्रास झालेल्या आठ भारतीय रुग्णांपैकी सहा जणांत तोच पाठभेद सापडला. आठ हा आकडा फारच लहान आहे. एवढ्या मोठ्या देशात असा त्रास झालेले रुग्ण कमी नसणार. पण त्यांची नोंद एका जागी सापडायला हवी ना!

पूर्व लंडनमधले आपले शेजारी

दुसरे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे. हृदयविकाराचा झटका आल्यावर किंवा स्टेंट घातल्यावर क्लोपिडोग्रेल नावाची गोळी देतात. 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणून आपल्यापैकी किती घरांत ती सकाळच्या चहानंतर घेतली जाते, हे सांगायला नको. या गोळीची एक गंमत आहे. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातले एक विकर तिला कामाला लावते. ज्यांच्या पोथीत त्या विकराच्या जनुकाचे मंद पाठभेद असतात, त्यांच्यात गोळी पुरती जागीच होत नाही. माणूस नेमाने गोळी घेतो, घरचे निर्धास्त असतात आणि रक्ताची गुठळी व्हायची ती होतेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात तशी ठळक सूचना घालायला लावली.

पूर्व लंडनमध्ये 'जीन्स अँड हेल्थ' नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात तिथे स्थायिक झालेले बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाचे लोक स्वखुशीने लाळेचा नमुना देतात आणि सरकारी आरोग्यसेवेतल्या आपल्या नोंदी संशोधनासाठी पाहायला परवानगी देतात. २०२३ मध्ये या अभ्यासातल्या ४४,३९६ जणांची माहिती घेऊन एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ५७ टक्के लोकांत त्या विकराचा निदान एक तरी मंद पाठभेद होता. ज्यांच्या दोन्ही प्रती मंद होत्या आणि ज्यांना झटक्यानंतर क्लोपिडोग्रेल दिले होते, त्यांना पुन्हा झटका येण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. रक्ताने ही माणसे आपली शेजारी आहेत. त्यांचे टक्के जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असे नाही, पण प्रश्न मात्र आपलाही आहे.

इथे घाईने सांगायला हवे, की हे वाचून कुणीही आपली गोळी बंद करू नये. स्टेंट घातलेल्या माणसाने ती अचानक थांबवली, तर जिवाला धोका होतो. दुसऱ्या गोळ्या आहेत, पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका काहीसा वाढतो. हृदयरोग्यांची सरसकट ही चाचणी करावी की नाही, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देताना मात्र ही चाचणी करावी, अशी शिफारस ब्रिटनमधल्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये केली आहे. आपण एवढेच करायचे, की डॉक्टरांना हा प्रश्न विचारायचा. विचारण्यात कमीपणा काही नाही.

आता या दोन्ही गोष्टींतले सारखे सूत्र पाहा. तैवानमध्ये १९९५ पासून सगळ्यांचा एकच सरकारी आरोग्य विमा आहे. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे आणि प्रत्येकाचा एकच क्रमांक असतो. माणूस कुठल्याही दवाखान्यात गेला, तरी त्याची कहाणी तुटत नाही. म्हणून तिथे पोथीला केसपेपर जोडता आला.

आपल्याकडची स्थिती

जगात जनुकांवर जे मोठे अभ्यास झाले, त्यांतली बहुतेक माणसे युरोपीय वंशाची आहेत. २००९ मध्ये हे प्रमाण ९६ टक्के होते, २०१६ मध्येही ८१ टक्के होते. गोऱ्यांची पोथी वाचून आपल्याला औषध! आपल्याकडे 'रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या सरकारने २०२० मध्ये 'जीनोम इंडिया' हा प्रकल्प मंजूर केला. देशातल्या वीस संस्थांनी मिळून ८० हून अधिक लोकसमूहांतल्या १०,०७४ जणांच्या पोथ्या वाचल्या. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती फरिदाबादच्या राष्ट्रीय भांडारातून संशोधकांसाठी खुली झाली. काम मोठे आहे आणि अभिमान वाटावा असेच आहे. पण ही माणसे मुख्यतः निरोगी होती. त्यांची उंची, वजन, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या नोंदल्या आहेत. कोणत्या आजारात कोणते औषध कोणाला सोसले, ही पुढची कहाणी अजून जोडायची आहे.

आणि ती जोडायची कशी? आपल्या सीमाभागातला पेशंट डोळ्यांपुढे आणा. माणूस खानापूर तालुक्यातला. पहिला केसपेपर गावच्या सरकारी दवाखान्यातला, कन्नडमधला. मग बेळगाव. तिथली फाईल इंग्रजीत. पाहुण्यांनी सांगितले म्हणून मिरज किंवा कोल्हापूर, तिथला कागद निराळा. मुलगा गोव्यात नोकरीला, म्हणून एकदा बांबोळीला दाखवले. तीन राज्ये, तीन भाषा, चार फायली, आणि त्यांतली एकही दुसरीला ओळखत नाही. त्यातली एक पिशवी मुलीच्या घरी राहिली, एक घराला रंग देताना रद्दीत गेली. एवढे करून पाचव्या डॉक्टरांसमोर बसल्यावर 'पूर्वी काय काय झाले?' या प्रश्नाला उत्तर येते, 'होते थोडे बीपी.'

आमच्या ओळखीच्या एका काकूंना काही वर्षांपूर्वी एका गोळीने अंगभर फोड आले होते. आठवडाभर दवाखान्यात होत्या, नशिबाने बऱ्या झाल्या. पुढे दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या गावी दाखवायची वेळ आली. डॉक्टरांनी आवर्जून विचारले, 'कोणत्या गोळीने त्रास झाला होता?' काकू म्हणाल्या, 'पांढरी होती. जरा लांबट.' बाजारात पांढऱ्या, लांबट गोळ्या किती! ज्या एका शब्दाने त्यांचा जीव वाचू शकतो, तो शब्द कुठल्यातरी हरवलेल्या कागदावर राहिला. जनुकांची चाचणी पुढची गोष्ट, आधी ती गोळी कोणती हे तरी माहीत हवे.

सरकारने २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू केले. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी 'आभा' क्रमांक काढता येतो आणि वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी, आपल्या संमतीने, त्याला जोडता येतात. तीन राज्यांत विखुरलेल्या आपल्यासारख्यांना अशा क्रमांकाचा उपयोग व्हावा. पण क्रमांक काढला म्हणजे नोंदी आल्या, असे होत नाही. जुने कागद घरातच असतात, ते सांभाळायचे आपल्यालाच.

घराण्याची माहिती

एक गोष्ट आपल्याकडे मुबलक आहे, ती म्हणजे नात्यांची आठवण. सोयरीक जुळवताना 'त्यांच्यात साखर आहे का', 'त्यांच्या घरात कुणाला फिट येते का' अशी चौकशी करण्यात आपण पटाईत. तीच चौकशी स्वतःच्या घराण्याची, आणि लपवाछपवी न करता, केली तर डॉक्टरांना मोठी मदत होते.

दक्षिणेत याचे एक उदाहरण आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी सक्सामिथोनियम हे औषध देतात. भूलतज्ज्ञ त्याला स्कोलिन म्हणतात. त्याने स्नायू काही मिनिटे ढिले पडतात, कारण रक्तातले एक विकर ते औषध पटकन संपवते. काहींच्या शरीरात हे विकर फारच कमी असते. त्यांचा श्वास काही मिनिटांऐवजी काही तास परतत नाही आणि तोवर त्यांना यंत्राने श्वास द्यावा लागतो. आंध्र-तेलंगण भागातल्या वैश्य समाजात हे अधिक आढळते, असे भूलतज्ज्ञांच्या लक्षात आले होते. त्यामागचा पाठभेद कोईमतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर शोधून २००६ मध्ये प्रसिद्ध केला.

यात त्या समाजाला नाव ठेवण्यासारखे काहीच नाही. शतकानुशतके आपसातच लग्ने करणाऱ्या प्रत्येक समूहात असे काही ना काही पाठभेद साचतात, आणि आपण सगळेच त्यात येतो. त्यांच्या बाबतीत अनुभवी डॉक्टरांचे निरीक्षण आणि जनुकाचा शोध एकत्र आले, म्हणून निदान सावध तरी राहता येते. पण समाजाच्या नावावरून करायचा तो अंदाजच. त्या समाजातल्या पुष्कळांना हा त्रास नसतो आणि बाहेरच्या एखाद्याला असू शकतो. नेमका उपचार पुढे जाईल, तसे कुणाला जात-पोटजात न विचारता त्याची स्वतःची पोथी पाहता येईल. मला या शास्त्राची सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे.

कपाटाची किल्ली कोणाकडे?

आता काळजीची बाजू. पोथी आणि केसपेपर एकत्र आले, म्हणजे माणसाचे सगळे गुपित एका कपाटात आले. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असावी? आइसलँडमध्ये हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. तेव्हा जेमतेम पावणेतीन लाख वस्तीच्या त्या देशाने १९९८ मध्ये कायदा करून सगळ्या नागरिकांच्या आरोग्याच्या नोंदी एकत्र करायचे ठरवले आणि ते काम एका खासगी कंपनीला द्यायचे ठरले. ज्याला नको असेल त्याने तसे कळवायचे, अशी सोय होती. एका मुलीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी त्यात घालू नयेत असा अर्ज केला. तो नाकारला गेला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे साधे होते: वडिलांच्या आनुवंशिक माहितीवरून माझ्याबद्दलही कळते. २००३ मध्ये न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले आणि कायद्यात खासगीपणाचे पुरेसे रक्षण नाही असे म्हटले. तो माहितीसाठा पुढे उभा राहिलाच नाही.

त्या मुलीचे म्हणणे आपल्या घरांना चांगले समजेल. जनुकांची पोथी एकट्याची नसते. तीत भावंडे असतात, मुले असतात, न जन्मलेली नातवंडेही असतात. म्हणून अशी चाचणी करताना किंवा संशोधनासाठी नमुना देताना संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचावा, समजला नाही तर समजावून मागावा. माहिती कोण पाहणार, नाव काढून ठेवणार का, पुढे मन बदलले तर काय, हे विचारावे. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा असला तरी सही आपली असते.

घरटी एक वही

मग आपण घरी काय करायचे? मी एक साधी दोनशे पानी वही सुचवते. घरातल्या प्रत्येकाला पाच-सहा पाने. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, रक्तगट, आणि मोठ्या अक्षरांत: कोणत्या औषधाने त्रास झाला, काय झाला, गोळी घेतल्यावर किती दिवसांनी झाला. औषधाचे नाव कंपनीने ठेवलेले आणि मूळ रासायनिक, दोन्ही उतरवून घ्या. ते पाकिटावर बारीक अक्षरांत असते. नसेल कळत तर केमिस्टला विचारा, किंवा पाकिटाचा तुकडाच चिकटवा. दुसऱ्या पानावर सध्या चालू असलेली औषधे, कधीपासून आणि किती. तिसऱ्यावर आजार आणि शस्त्रक्रिया, वर्षासकट; भूल दिल्यावर शुद्धीवर यायला किंवा श्वास परतायला फार वेळ लागला असेल तर तेही. चौथ्यावर घराणे: आई-वडील, आजी-आजोबा, मामा, आत्या, काका, मावशी, कोणाला काय झाले आणि कितव्या वर्षी. वडिलांना पंच्याहत्तराव्या वर्षी झटका येणे आणि चाळिसाव्या वर्षी येणे, यांत डॉक्टरांच्या दृष्टीने फार अंतर आहे. माहेरची बाजू विसरू नका. आपल्या वंशावळींत ती बहुधा गाळलेली असते. पोथीची अर्धी पाने मात्र तिकडूनच आलेली असतात.

डिस्चार्ज कार्डे, ईसीजी, तपासण्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. ईसीजीचा कागद कालांतराने पुसट होतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. या वयाच्या मुलांना दुसरे काही सांगितले तर ऐकत नाहीत, हे काम करतात.

वही लिहिताना आजी किंवा आजोबा शेजारी बसलेले असावेत. कोणती आत्या कशाने गेली, कोणत्या काकांना लहानपणी फिट येत, कोणाला कोणते इंजेक्शन सोसले नव्हते, ही माहिती आज फक्त त्यांच्याकडे आहे. येत्या रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर चहा टाका आणि वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. पोथी वाचणारे यंत्र आपल्या गावात येईल तेव्हा येईल. त्याच्याशेजारी ठेवायला आपल्याकडे काहीतरी लिहिलेले असले पाहिजे.